कबड्डीचा थेट गुणफलक आणि मराठीवर अडखळणारा वेबसॉकेट सर्व्हर

मैदान_क्रमांक_दोन | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आमच्या भागात दर हिवाळ्यात होणाऱ्या कबड्डी स्पर्धेचा गुणफलक प्रेक्षकांच्या मोबाइलवर थेट दिसावा, अशी मंडळाची इच्छा आहे. गावात संगणकाचे काम करणारा मी एकटाच असल्यामुळे ती जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मैदाने तीन आहेत आणि प्रत्येक मैदानाच्या टेबलावर एक गुणलेखक टॅबलेट घेऊन बसतो. त्याने नोंदवलेला गुण मुख्य टेबलावरच्या माणसाने मान्य केला की मगच तो प्रेक्षकांना दिसतो, आणि अमान्य केला तर गुणलेखकाच्या पडद्यावर तो त्याच क्षणी लाल होऊन परत यावा लागतो. गेल्या वर्षी प्रत्येक फोन दर दोन सेकंदांनी सर्व्हरला 'काही नवीन आहे का' असे विचारत असे. त्या विचारण्यानेच सर्व्हर दमला आणि अंतिम सामन्यात गुणफलक चढाईच्या मागे राहिला.

म्हणून या वेळी वेबसॉकेट घेतले आहे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातले सतत उघडे राहणारे दुतर्फा कनेक्शन. आतले समजावे या हेतूने तयार लायब्ररी न वापरता नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) एचटीटीपी मॉड्यूलवर सुमारे दोनशे ओळींत सर्व्हर मीच लिहिला. हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) व्यवस्थित होतो, वेबसॉकेट मान्य असल्याचे १०१ हे उत्तर जाते आणि ब्राउझर कनेक्शन उघडल्याचे सांगतो. रोमन लिपीत काहीही पाठवले तरी पोहोचते, मात्र 'बोनस' हा शब्द देवनागरीत पाठवला की कनेक्शन तुटते आणि मजकूर यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) म्हणून वाचता आला नाही, अशी तक्रार कन्सोलमध्ये येते. पाठवण्याचा भाग अगदी साधा आहे: पहिला बाइट १२९, दुसऱ्या बाइटमध्ये मजकुराची लेंग्थ आणि त्यापुढे मजकूर. चूक कुठे आहे, ते मला दिसत नाही.

सोनचाफा | रविवार, रात्री १०:५२

चूक 'मजकुराची लेंग्थ' या दोन शब्दांतच आहे. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगची लेंग्थ यूटीएफ-१६ च्या एककांत मोजली जाते, तर वेबसॉकेटच्या फ्रेमला (संदेश ज्या पाकिटातून जातो त्याला) बाइटांची संख्या हवी असते. रोमन अक्षराला यूटीएफ-८ मध्ये एकच बाइट लागत असल्याने हा फरक तिथे झाकला जातो. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त आणि अंकसुद्धा तीन-तीन बाइट घेतो.

'बोनस' घ्या. ब, ओकाराची मात्रा, न आणि स असे चार कोडबिंदू (यूनिकोडमधली स्वतंत्र चिन्हे) झाले, म्हणजे १२ बाइट. तुमच्या सर्व्हरने दुसऱ्या बाइटमध्ये ४ लिहिले. ब्राउझरने शिस्तीत चारच बाइट उचलले: २२४, १६४, १७२ आणि २२४. पहिल्या तिघांचा 'ब' झाला आणि चौथा हा पुढच्या मात्रेचा पहिलाच बाइट असल्याने अक्षर अर्धवट राहिले. मजकुराच्या फ्रेममध्ये सदोष यूटीएफ-८ आले तर कनेक्शन बंदच करावे, असा नियम आहे. ब्राउझरने तो नियम पाळला, त्याचा काही दोष नाही.

मजकुराचे आधी बफरमध्ये (बाइटांच्या साठ्यात) रूपांतर करा आणि त्या बफरची लेंग्थ लिहा. योग्य फ्रेम १४ बाइटांची होईल: १२९, १२ आणि त्यापुढे मजकुराचे १२ बाइट.

मैदान_क्रमांक_दोन | सोमवार, सकाळी ७:३०

सोनचाफाताई, मनःपूर्वक आभार. 'बोनस', 'पकड', 'लोण' सगळे पोहोचू लागले. परंतु आता दुसरेच कोडे समोर आले आहे. मजकूर थोडा लांबला, उदाहरणार्थ दोन्ही संघांची नावे आणि चढाईचे वर्णन एका ओळीत घातले, की कनेक्शन पुन्हा तुटते. या वेळची तक्रार अशी की, सर्व्हरने मास्क केलेली (किल्लीने बाइट बदललेली) फ्रेम पाठवू नये. मी तर पाठवताना मास्क करण्याची एकही ओळ लिहिलेली नाही.

उंबरठा | सोमवार, सकाळी ९:०५

तुम्ही ओळ लिहिली नाहीत, तरी मास्क झाला आहे. फ्रेमच्या दुसऱ्या बाइटमधले आठही बिट लांबीसाठी नसतात. सर्वांत वरचा बिट 'हा मजकूर मास्क केला आहे' हे सांगतो आणि उरलेल्या सात बिटांत लांबी बसते. त्या सातांतही १२५ पर्यंतचीच संख्या थेट लांबी असते. तिथे १२६ असेल तर खरी लांबी पुढच्या दोन बाइटांत असते, आणि १२७ असेल तर पुढच्या आठ बाइटांत. समजा तुमची ओळ १३० बाइटांची होती आणि तुम्ही १३० हा आकडा तसाच दुसऱ्या बाइटमध्ये ठेवला. १३० म्हणजे १२८ अधिक २. ब्राउझरने त्याचा अर्थ 'मास्क आहे आणि लांबी २ आहे' असा लावला.

सलग देवनागरीत ४१ कोडबिंदूंचे १२३ बाइट होतात आणि ४२ चे १२६, म्हणजे मर्यादा साधारण एका वाक्यातच ओलांडली जाते. रोमन लिपीत चाचणी करणाऱ्याला हीच चूक सापडायला सव्वाशे अक्षरांचा मजकूर पाठवावा लागतो, आणि चाचणीत 'हॅलो'च्या पुढे सहसा कोणी जात नाही. या बाबतीत मराठीने तुमचे काम सोपे केले, असेच म्हणावे लागेल.

मास्कविषयीही सांगतो, कारण वाचण्याच्या बाजूला तो तुम्हाला सोडवावाच लागत असणार. क्लायंटकडून येणारी प्रत्येक फ्रेम मास्क केलेली असलीच पाहिजे आणि सर्व्हरकडून जाणारी एकही नसावी. क्लायंट चार बाइटांची यादृच्छिक किल्ली फ्रेमसोबतच पाठवतो आणि मजकुराचा प्रत्येक बाइट त्या किल्लीच्या क्रमाने येणाऱ्या बाइटशी एक्सऑर करतो (दोघांचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०). किल्ली ५५, २५०, ३३, ६१ अशी असेल, तर 'बोनस'चे पहिले चार बाइट २१५, ९४, १४१, २२१ असे होऊन येतात आणि त्याच किल्लीने पुन्हा एक्सऑर केले की मूळ बाइट परत मिळतात.

किल्ली सोबतच पाठवायची असेल तर लपवायचे काय, हा प्रश्न पूर्वी मलाही पडला होता. हेतू गुप्ततेचा नाहीच. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधल्या काही प्रॉक्सींना (मध्यस्थ सर्व्हरांना) वेबसॉकेट कळत नसे. त्यामुळे पानावरच्या स्क्रिप्टने मुद्दाम एचटीटीपी विनंतीसारखा दिसणारा मजकूर पाठवला, तर तो खरी विनंती समजून प्रॉक्सीच्या कॅशमध्ये (साठवून ठेवलेल्या उत्तरांत) विष कालवता येऊ शकते, असे संशोधकांनी दाखवून दिले. त्यामुळेच डिसेंबर २०१० मध्ये फायरफॉक्स ४ च्या चाचणी आवृत्तीत वेबसॉकेट बंद ठेवण्याचा निर्णय झाला, आणि ऑपेरानेही तेच केले. तारेवरून नेमके कोणते बाइट जातील हे स्क्रिप्टला ठरवता येऊ नये, एवढ्यासाठी मास्क आला आणि डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६४५५ या प्रमाणकात तो सक्तीचा झाला.

शिकाऊ_उमेदवार | सोमवार, दुपारी १:२०

थोडे मागे जाऊन विचारतो. हँडशेकमध्ये क्लायंटने दिलेल्या किल्लीला '२५८ईएएफए५' ने सुरू होणारी ३६ अक्षरांची ठरीव ओळ जोडायची, तिचा एसएचए-१ (ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा आणि बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांत) परत पाठवायचा, हे करून घेतले; पण ती ओळ सगळ्या जगाला ठाऊक असताना त्यातून सुरक्षितता कोणती मिळते?

उंबरठा | सोमवार, दुपारी २:०२

सुरक्षितता मिळत नाही. समोरच्याला वेबसॉकेट खरोखर कळते आणि तो कॅशमधले जुने उत्तर देत नाही, एवढाच पुरावा मिळतो. किल्ली १६ यादृच्छिक बाइटांची आणि दर वेळी नवी असते. साध्या एचटीटीपी सर्व्हरला तिचे योग्य उत्तर चुकूनसुद्धा देता येणार नाही.

पाणंद | सोमवार, रात्री ८:४०

मूळ मांडणीवरच एक शंका घेतो, राग मानू नये. दुतर्फा संवाद हवा आहे तो तीन गुणलेखक आणि मुख्य टेबल यांच्यात, म्हणजे चार उपकरणांत. शेकडो प्रेक्षक नुसते पाहतात. त्यांच्यासाठी वेबसॉकेट कशाला? सर्व्हर-सेंट इव्हेंट्स हा सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकतर्फी येणारा साधा एचटीटीपी प्रवाह आहे. त्यात फ्रेम नाही, मास्क नाही, आणि कनेक्शन तुटले तर ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो. शिवाय शेवटच्या घटनेला तुम्ही क्रमांक दिला असेल, तर जोडताना तो क्रमांकही सर्व्हरला कळवतो. या सगळ्या गोष्टी वेबसॉकेटवर तुम्हाला हाताने लिहाव्या लागतील.

एक अडचण मात्र आहे. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनला एकाच वेळी सहाच कनेक्शन देतो. त्यामुळे कोणी तेच पान सात टॅबमध्ये उघडले, तर सातवे नुसते फिरत राहील. मैदानावरचा प्रेक्षक तसे करणार नाही.

सोनचाफा | सोमवार, रात्री ९:१५

पाणंद यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे. पण धागाकर्त्यांना आतले समजून घ्यायचे आहे, हे त्यांनी आधीच सांगितले आहे. आधी एकच सर्व्हर नीट उभा राहू द्यावा आणि मग प्रेक्षकांना वेगळे करावे. आत्ताच दोन मार्ग केले, तर दोष कोणत्या मार्गावर आहे हे शोधण्यातच हिवाळा संपेल.

मला वाचण्याच्या बाजूची अधिक काळजी वाटते. मैदान_क्रमांक_दोन, सॉकेटच्या 'डेटा' इव्हेंटमध्ये जे काही येते, ती एक पूर्ण फ्रेम आहे, असे आपण धरले आहे का?

मैदान_क्रमांक_दोन | सोमवार, रात्री १०:३०

होय, धरले आहे. घरच्या वायफायवर दर वेळी एकच फ्रेम येते, म्हणून शंकाही आली नाही. आता तुम्ही विचारल्यावर एक गोष्ट लक्षात येते. काल सरावात गुणलेखकाने 'पकड' आणि लगेच 'लोण' असे पाठोपाठ दाबले, तर लोणाचे दोन गुण कधी आलेच नाहीत. बिचाऱ्याला मीच म्हणालो की, तुझे बोट नीट लागले नसेल.

सोनचाफा | सोमवार, रात्री ११:००

त्याची क्षमा मागावी. टीसीपीला (वेबसॉकेटच्या खालच्या वाहतूक-थराला) संदेश ठाऊक नसतात, त्याच्या लेखी तो बाइटांचा एक अखंड ओघ असतो. दोन फ्रेम एकाच इव्हेंटमध्ये चिकटून येऊ शकतात, आणि तुमच्या बाबतीत तेच झाले: पहिली फ्रेम वाचली गेली आणि तिच्या मागून आलेले लोण टाकून दिले गेले. मोबाइल नेटवर्कवर याच्या उलटही होईल. एकच फ्रेम दोन तुकड्यांत येईल आणि तुकडा एखाद्या अक्षराच्या तीन बाइटांच्या मधोमध पडेल. तुकडा आला की लगेच त्याची स्ट्रिंग केली, तर त्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसेल.

प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र बफर ठेवा आणि आलेले बाइट त्याच्या शेवटी जोडत जा. पुढचे काम एका लूपचे आहे: बफरमध्ये किमान दोन बाइट आहेत का ते पाहा, त्यांवरून शीर्षकाची आणि मजकुराची लांबी काढा, पूर्ण फ्रेम जमली असेल तर तेवढी कापून घ्या आणि उरलेल्यावर पुन्हा तोच लूप चालवा. जमली नसेल तर काहीही न करता पुढच्या इव्हेंटची वाट पाहा. चाचणी घेताना आलेला डेटा मुद्दाम एक-एक बाइट करून या फंक्शनला द्या. त्यात टिकले तर ते बाहेरही टिकेल.

आणखी एक. पहिल्या बाइटचा वरचा बिट शून्य असेल तर संदेश अजून संपलेला नाही आणि पुढची फ्रेम ० या ऑपकोडची (फ्रेमचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याची) येईल. ब्राउझरकडून तुमच्या एवढ्याशा संदेशांत हे सहसा घडणार नाही, तरी घडल्यास निदान कनेक्शन नीट बंद करावे.

मैदान_क्रमांक_दोन | शनिवार, रात्री ११:४५

आज तिन्ही मैदानांवर सरावसामने ठेवले होते आणि प्रेक्षकांचे सुमारे ३०० फोन जोडलेले होते. पूर्वार्ध इतका सुरेख चालला की, मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. उत्तरार्ध सुरू झाला आणि एकाही फोनवर गुण हलेना. पान पुन्हा उघडले की चालू होई. सर्व्हरच्या नोंदीत त्रुटी नाही. संध्याकाळी तिसऱ्या सामन्यात पुन्हा हेच आणि याच वेळी घडले. सर्व्हरच्या पुढे एंजिनएक्स हा प्रॉक्सी आहे. त्यात एचटीटीपी १.१ आणि अपग्रेडची दोन्ही हेडर पुढे पाठवण्याच्या ओळी मी घातलेल्या आहेत.

उंबरठा | रविवार, सकाळी ८:१०

'याच वेळी' या शब्दांतच उत्तर आहे. एंजिनएक्स मागच्या सर्व्हरकडून काही वाचण्याची वाट मुळात ६० सेकंद पाहतो, त्यानंतर कनेक्शन बंद करतो. सामना चालू असताना ही वेळ कधीच येत नाही, कारण चढाई ३० सेकंदांची असते आणि प्रत्येक चढाईअखेर तुमच्याकडून काहीतरी जातेच. मध्यंतर मात्र पाच मिनिटांचे. खेळाडू पाणी प्यायला गेले आणि पहिल्या मिनिटाअखेर तुमचे तीनशेही प्रेक्षक बाहेर पडले.

ती मुदत वाढवून तासाची करता येते, पण तो खरा उपाय नाही. मधे मोबाइल कंपनीचे जाळे आहे, आणि तिथली मुदत तुमच्या हातात नाही. उपाय प्रमाणकातच दिला आहे: सर्व्हरने दर २५ सेकंदांनी पिंग पाठवावे, म्हणजे ९ या ऑपकोडची फ्रेम. ब्राउझर आपणहून १० या ऑपकोडचे पाँग परत पाठवतो. पुढच्या फेरीपर्यंत पाँग आले नाही तर ते कनेक्शन मेले असे समजून सोडून द्यावे. एखादा माणूस फोन खिशात टाकून रेंजबाहेर गेला तर 'मी गेलो' असा निरोप टीसीपीवर येत नाही. लिनक्सचे स्वतःचे कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का याची तपासणी) चालू केलेच, तरी पहिली चौकशी दोन तासांनी होते, आणि तोवर तुमच्या यादीत अशी भुते साचत राहतात.

शिकाऊ_उमेदवार | रविवार, सकाळी ९:३०

फोनच्या बाजूने हेच कसे कळेल? ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवताही येत नाही आणि आलेले दिसतही नाही.

उंबरठा | रविवार, सकाळी ९:४४

बरोबर हेरलेत. म्हणून पिंगसोबत साधा मजकुराचा एक ठोकाही पाठवावा. पानावरच्या स्क्रिप्टने शेवटचा संदेश कधी आला याची वेळ ठेवावी आणि ४० सेकंद शांतता राहिली तर कनेक्शन स्वतः बंद करून पुन्हा उघडावे.

पुन्हा उघडताना मात्र सगळ्यांनी एकदम धावू नये. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि ३०० फोन एकाच सेकंदाला दारात उभे राहिले, तर तो पुन्हा आडवा होईल. पहिली खेप एक-दोन सेकंदांनी, मग दुप्पट, मग चौपट असे थांबावे आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी यादृच्छिक भर घालावी. जोडल्यावर चुकलेले गुण एकेक करून पाठवत बसू नका. गुणफलकाला इतिहास नको असतो, म्हणून 'मैदान २, १८–२१, उत्तरार्ध' अशी पूर्ण स्थिती एकाच संदेशात द्या.

पाणंद | रविवार, सकाळी ११:२०

सुरक्षिततेचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून मी काढतो. वेबसॉकेटला ब्राउझरचे एकाच मूळस्थानाचे बंधन लागू नसते. मुख्य टेबलावरच्या माणसाने त्याच ब्राउझरमध्ये दुसरे एखादे लबाड पान उघडले, तर त्या पानालाही तुमच्या सर्व्हरशी वेबसॉकेट उघडता येते. लॉगिनची कुकी त्या विनंतीसोबत गेली, तर ते पान परस्पर गुण मान्य करू लागेल. हँडशेकच्या वेळी ओरिजिन हेडर (विनंती कोणत्या पत्त्यावरच्या पानाची आहे ते सांगणारे) तपासा आणि आपल्या पत्त्याखेरीज कोणालाही १०१ देऊ नका. ब्राउझरबाहेरचा प्रोग्राम ते हेडर खोटे लिहू शकतो, त्यामुळे गुणलेखकांसाठी स्वतंत्र टोकन लागेलच.

दुसरे असे की, लांबीच्या आठ बाइटांत कोणी अवाढव्य आकडा लिहून पाठवला, तर तेवढे बाइट जमेपर्यंत तुमचा बफर फुगत राहील. तुमचा सर्वांत मोठा संदेश एक किलोबाइटचाही नसणार. ४ किलोबाइटांच्या वर लांबी दिसताच १००९ हा कोड देऊन कनेक्शन बंद करावे. पाठवण्याच्या बाजूलाही हाच विचार करावा. संथ नेटवर्कवरचा फोन वाचत नसेल तर त्याच्यासाठीचे संदेश सर्व्हरच्या स्मृतीत साठत जातात. त्याची रांग ठरावीक मर्यादेपुढे गेली की त्याला तोडावे, तो पुन्हा जोडेल तेव्हा पूर्ण स्थिती त्याला मिळेलच.

मैदान_क्रमांक_दोन | रविवार, दुपारी १२:०५

एक भाबडा प्रश्न. पोर्ट ६५,५३५ च असतात, मग त्याहून अधिक प्रेक्षक एका सर्व्हरला जोडलेच जाणार नाहीत ना? गावाला तेवढे लागणार नाहीत, तरी मंडळात कोणीतरी विचारले.

उंबरठा | रविवार, दुपारी १२:३०

तसे नाही. सर्व्हर सगळ्यांशी ४४३ या एकाच पोर्टवरून बोलतो. दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट या चौघांची जोडणी वेगळी असली की कनेक्शन वेगळे. जानेवारी २०१२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एका यंत्रावर वीस लाखांहून अधिक टीसीपी कनेक्शने धरल्याचे जाहीर केले होते. तुमची भिंत याच्या फार अलीकडे आहे: लिनक्सवर एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा बहुधा १,०२४ असते. प्रत्येक सॉकेट ही तिच्या लेखी एक फाइल, आणि एंजिनएक्सला तर एका प्रेक्षकामागे दोन लागतात, पुढे एक आणि मागे एक. स्पर्धेआधी ती मर्यादा आणि एंजिनएक्सची स्वतःची कनेक्शनमर्यादा, दोन्ही वाढवा.

मैदान_क्रमांक_दोन | सोमवार, रात्री ९:५०, तीन आठवड्यांनंतर

स्पर्धा काल संपली, म्हणून वृत्तान्त देतो. गुणलेखक आणि मुख्य टेबल वेबसॉकेटवर ठेवले. प्रेक्षकांना शेवटी पाणंद यांच्या सल्ल्याने सर्व्हर-सेंट इव्हेंट्सवर नेले. त्या मार्गावर एंजिनएक्सचे बफरिंग बंद करायला मी विसरलो होतो, त्यामुळे पहिल्या सामन्यात गुण साचून एकदम येत होते. ती ओळ घातल्यावर प्रवाह मोकळा झाला. ठोका तिथेही ठेवला आहे. मध्यंतराच्या पाच मिनिटांत मी स्वतः प्रेक्षकांत बसून फोन न्याहाळत होतो, तर एकही पान गोठले नाही.

अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात वीज गेली आणि सर्व्हरचा संगणक बंद पडला. जनरेटर लावून तो पुन्हा उठेपर्यंत पंचांनी सामना थांबवला होता. फोन आपोआप जोडले गेले, कोणाला पान ताजे करावे लागले नाही. गुणफलक मात्र सगळ्यांना ०–० दाखवू लागला, कारण पूर्ण स्थिती मी फक्त स्मृतीतच ठेवली होती. शेवटी गुणलेखकाच्या कागदी गुणपत्रिकेवरून आकडे पुन्हा भरले. प्रत्येक मान्य गुण आता फाइलमध्ये लिहून मगच प्रेक्षकांना पाठवतो. लोण गमावलेल्या त्या मुलाची क्षमाही मागितली आहे.